वस्तरा लावायला किती वेळ?

परवा फोनवर तू विचारलंस, “काका, वस्तऱ्याला धार लावायला किती वेळ लागतो?” मी हसलो, ते तुला लागलं असेल. पण मांडव्याच्या धक्क्यावर उभं राहून कुणी विचारावं, मुंबई किती वेळात येईल, तसा तो प्रश्न. गेटवेला लाँच तासाभरात जाते खरी, पण समोर वारा असला की खलाशी घड्याळाकडे बघतच नाही.

तर ऐक. चोरबाजारातून आणलेला वस्तरा पूर्ण बोथट असेल, तर सराईत हाताला तास-दीड तास. तुझ्यासारख्या नवशिक्याचा पहिला रविवार अख्खा गेला, तरी वाईट वाटून घेऊ नकोस. वापरातला वस्तरा नुसता जड चालायला लागला असेल, तर दहा-पंधरा मिनिटं. आणि रोजचा चामड्याचा पट्टा, पन्नास-साठ हात, दोन मिनिटांत होतो. ही दोन मिनिटं जो वाचवतो, त्याचा तो दीड तास वर्षातून पुन्हा पुन्हा जातो.

आधी वस्तरा नीट बघ. शेफील्डचा की झोलिंगेनचा, ते नंतर. पात्यावर गंजाची टाचणीएवढी टिंबं धारेपर्यंत पोचली असतील, तर पैसे गेले समज. ती घासून काढायला जावं, तर आत आणखी निघतात. धारेला खांडा असेल तर चालेल, फक्त वेळ वाढेल. आणि सायकलवर चाक फिरवत येतो ना धारवाला, त्याच्या हाती तो देऊ नकोस. सुरी-कोयत्याला तो ठीक. वस्तऱ्याची कड कागदाहून पातळ. चाकावर ती तापते, निळी पडते आणि पोलादाचं पाणी उतरतं. तेवढ्या भागाला मग धार टिकत नाही.

आता दगड. निम्मं काम इथेच बिघडतं. दगड वापरून मध्ये खोलगट होतो, डोळ्याला दिसत नाही. शिसपेन्सिलीने त्यावर चौकटी आख. जाड काचेवर वॉटर पेपर ओला करून पसर आणि दगड त्यावर घास. सगळ्या रेषा एकदम पुसल्या की दगड सपाट झाला. मधल्या रेषा राहिल्या, तर अजून घास. दर वेळी हे करायचं, कंटाळा आला तरी.

हजार नंबरच्या दगडावर सुरुवात. पातं आडवं टेकवायचं, पाठ आणि धार दोन्ही एकाच वेळी दगडाला लागली पाहिजेत. कोन किती, असं विचारू नकोस. पाठीची जाडी करणाऱ्याने तो कोन ठरवूनच ठेवलाय, तू फक्त पाठ उचलायची नाहीस. धार पुढे ठेवून ढकल. पातं दगडाच्या रुंदीपेक्षा लांब, म्हणून तिरकं ओढत न्यायचं, टाचेपासून टोकापर्यंत. वळवताना पाठीवर उलटव, धारेवर कधीच नाही. जोर मनगटात नको. बोटाला पात्याचं वजन कळलं, तेवढं बस.

आपल्याला काय होतंय ते कळत नाही, म्हणून नवा माणूस जोर लावतो. त्याला सोपी युक्ती आहे. धारेलगत मार्कर पेनने काळी रेघ ओढ आणि दोन-चार हात मार. शाई जिथे उरली, तिथे दगड पोचत नाही. हजारच्या दगडावर धार टोकापासून टाचेपर्यंत लागल्याशिवाय पुढे जायचं नाही. पुढचे चार हजार, आठ हजार, बारा हजारचे दगड धार करत नाहीत, केलेली धार गुळगुळीत करतात. सगळा उशीर पहिल्या दगडावर होतो, आणि तो होऊ द्यावा. शेवटच्या दगडावर मात्र हात आवर. जास्त घासलं की पातळ कड पुन्हा चुरते.

पट्ट्यावर उलटं. तिथे पाठ पुढे, धार मागे. पट्टा ताणून धर. ढिला राहिला की कड गोल होते, आणि दीड तासाची मेहनत पन्नास हातांत जाते. मी पहिल्या वर्षी असे तीन पट्टे कापले. ओरडा खाल्ला तो वेगळाच.

परीक्षा अंगठ्याने करायची नाही. मनगटावरची लव वरच्यावर तुटते का ते बघ. मग दाढी: गरम पाण्याचं फडकं दोन मिनिटं, साबणाचा दाट फेस, पातं चेहऱ्याशी तीस अंशांच्या आसपास. आणि हे फक्त स्वतःच्या गालावर. दुकानात गिऱ्हाईकाला अर्धं ब्लेड, प्रत्येकाला नवं. रक्ताचे रोग बघता आता जुना वस्तरा दुसऱ्याला लावणं म्हणजे गुन्हाच.

आपल्या किनाऱ्यावर एक गोष्ट अधिकची. खारी हवा रात्रीत पातं खाते. ओला वस्तरा मुठीत मिटू नकोस. पुसून, वाळवून खोबरेल तेलाचं बोट फिरव. आणि धुताना नळाला लागू देऊ नकोस. बहुतेक खांडे तिथेच पडतात.

जिलेटला सेफ्टी रेझरचं पेटंट 1904 मध्ये मिळालं. त्याआधी दाढीला बहुतेक वस्तरा हेच हत्यार होतं, आणि त्याची पत मोठी होती. 1890 मध्ये मुंबईत कामगारांचे पुढारी नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने न्हावी जमले आणि विधवांच्या डोक्याला वस्तरा लावणार नाही म्हणाले. दुकानात फोटो लावायचाच असेल, तर त्यांचा लाव.

पावसाळ्यात गेटवेच्या लाँचा बंद असतात, भाऊच्या धक्क्यावरून रो-रो बोटीने मांडव्याला ये. वस्तरा तसाच आण, घासू नकोस. दगड मात्र तुझा आण. माझा सपाट करता करता बोटाएवढा पातळ झालाय.