विटी उचलावी लागते, चेंडू नाही

आमच्या वडवणीकडच्या पोरांची मनगटं विटी-दांडूवर घडलेली असतात. विटीच्या टोकावर दांडू हाणायचा, ती उसळली की वरच्या वर टोलवायची. सगळा खेळ मनगटाच्या झटक्याचा. नोकरीसाठी पुण्यात आल्यावर गोल्फ शिकायला लागलो, तेव्हा हाच झटका आडवा आला आणि शेवटी मनगटाला पट्टा बांधून घरी बसायची पाळी आली. पुण्याचा उदयन माने २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकला खेळला तेव्हापासून गावाकडची पोरंही या खेळाबद्दल विचारतात. त्यांच्यासाठी हे मुद्दाम लिहितोय, कारण हे दुखणं टाळता येतं.

माझं मनगट दुखावलं ते चिप मारताना. चिप म्हणजे ग्रीनच्या, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीच्या, कडेवरून होलकडे मारायचा छोटा फटका. चेंडू थोडा हवेतून जातो, बाकीचं अंतर घरंगळत कापतो. पण तो जमिनीवर पडलेला दिसला की हाताला वाटतं, याला उचललं पाहिजे. मग ऐन वेळी पुढचं मनगट मोडतं आणि क्लबचं डोकं हातांच्या पुढे पळतं. अशा वेळी क्लब चेंडूच्या अलीकडे जमिनीत रुततो आणि चेंडू हातभर सरकतो. नाहीतर खालची धार चेंडूच्या पोटात बसते आणि तो ग्रीन ओलांडून पार पलीकडे जातो. मऊ हिरवळीवर हे खपून जातं. उन्हाळ्यात गावी जाऊन मुरुमावर सराव केला, तेव्हा प्रत्येक चुकलेल्या फटक्याचा हादरा थेट मनगटात बसला.

त्यात एका विक्रेत्याने ६० अंशांचा वेज, म्हणजे खूप तिरप्या पात्याचा क्लब, गळ्यात मारला, चेंडू आपोआप उचलला जाईल म्हणून. नवशिक्याने या वेजच्या वाटेला जाऊ नये. सँड वेजही नको: त्याच्या तळाला फुगवटा असतो, तो वाळूत रुतू नये म्हणून. कडक जमिनीवर तोच फुगवटा आपटून उसळतो आणि धार चेंडूवर येते. त्यापेक्षा आठ नंबरचं आयर्न, म्हणजे कमी तिरप्या पात्याचा क्लब, घ्या. चेंडू वर न्यायचं काम पात्याचा तिरपेपणा करतो. हाताने त्यात काही भर घालायची नसते.

सेव्ह बॅलेस्टेरोस हा स्पेनचा खेळाडू लहानपणी पेद्रेन्याच्या समुद्रकिनाऱ्यावर एकाच तीन नंबरच्या आयर्नने सराव करायचा. १९७६ च्या ब्रिटिश ओपनमध्ये, रॉयल बर्कडेलच्या शेवटच्या होलला, चेंडू उंच उडवून बंकर (वाळूचे खड्डे) ओलांडायचा सोपा वाटणारा मार्ग त्याने सोडला आणि दोन बंकरांमधल्या चिंचोळ्या पट्टीतून चेंडू जमिनीलगत घरंगळत नेला. तेव्हा तो १९ वर्षांचा होता आणि दिग्गज जॅक निक्लॉसच्या बरोबरीने दुसरा आला. मला हा फटका गोल्फमधल्या कुठल्याही लांब फटक्यापेक्षा मोठा वाटतो. आपल्याकडे हिरवळ नाही म्हणून रडणाऱ्याने तो जरूर पाहावा.

आता हात कसा बसवायचा ते. पाय जवळ ठेवा, चेंडू मधोमध किंवा किंचित मागच्या पायाकडे. निम्म्याहून जास्त भार पुढच्या पायावर, आणि फटका संपेपर्यंत तो तिथेच राहू द्या. मूठ थोडी खाली सरकवून धरा, हात चेंडूच्या जरा पुढे. मग खांदे हलवा, मनगट नाही.

हे जमतंय की नाही ते जमीनच सांगते. मुरुमावर फक्कीची एक रेघ ओढा, तिच्यावर चेंडू ठेवा आणि मारा. रेघेवरची फक्की किंवा तिच्या पुढची माती उडाली तर फटका चेंडूवर बसला. रेघेच्या अलीकडे माती खरवडली गेली असेल तर मनगट पुन्हा विटी उडवायला गेलंय. चेंडूमागे वीतभर अंतरावर उपरण्याची घडी ठेवली तरी हेच कळतं: क्लब उपरण्याला लागता कामा नये. रेघ रोज नव्याने ओढा. आधीच्या खुणांत नवी खूण दिसत नाही.

होलकडे न बघता चेंडू कुठे टेकवायचा ते ठरवा. गावी मी रिकामं पोतं पसरतो आणि त्यावर चेंडू टाकतो. मुरुमावर चेंडू किती घरंगळला याला अर्थ नाही, तो हिशेब ग्रीनवरच करायचा. सपाट ग्रीनवर आठ नंबरने साधारण एक भाग हवेत आणि चार भाग जमिनीवर असं धरतात. पावसाळ्यात ग्रीन ओलं असलं की हे प्रमाण बदलतं.

गोल्फचा चेंडू ४६ ग्रॅमच्या आसपासचा, पण दगडासारखा कडक. धार लागून सुटलेला चेंडू माणसाच्या डोळ्यावर बसला तर डोळा जाऊ शकतो, म्हणून शाळेच्या मैदानावर पोरं खेळत असताना क्लब बाहेरच काढू नका. आणि मनगट ठणकायला लागलं तर त्या दिवशी थांबा, दुसऱ्या दिवशीही ठणकलं तर डॉक्टरांना दाखवा. मी दुखण्यावर मलम चोळत खेळत राहिलो, म्हणून ते लांबलं.