फुकटची गाडी

वर्ग सुटत आला होता. आबा म्हणाले, "गुरुजी, फुकट मिळतं ते नको म्हणणारा माणूस मी अजून बघितला नाही."

"तशी माणसं निघाली, आबा. लाखांनी निघाली," गुरुजी म्हणाले. मग त्यांनी हकीगत सांगितली.

मोबाईलवर इंटरनेट वापरायला पैसे पडतात. २०१५ साली फेसबुक या अमेरिकेतल्या कंपनीने आपल्याकडे एक योजना आणली. पुढे तिचे नाव 'फ्री बेसिक्स' झाले. तिच्यात ठराविक गोष्टीच फुकट पाहता येत. महाराष्ट्रातल्या एका शेतकऱ्याला त्यातून हवामान कळले, बाजारभाव कळले, असे फेसबुकचे प्रमुख मार्क झुकरबर्ग यांनी वर्तमानपत्रात लिहिले.

"मग त्यात वाईट काय?" आबांनी विचारले.

"असं बघा. एस.टी. फुकट केली. पण ती एकाच अडत्याच्या दारात थांबते. दुसरा अडत्या भाव जास्त देतो, पण तिकडं जायला तिकीट पडतं. तुम्ही कुठं जाल?"

आबा हसले. "फुकटच्या दारात."

"आणि गाडी कुठं थांबवायची, त्याचे नियम कंपनीचे."

हेच काही तरुणांना खटकले. त्यांत संगणकावर काम करणारे होते, वकील होते, पत्रकार होते. टेलिफोनचे दर आणि नियम पाहणारी सरकारी संस्था आहे. तिला ट्राय म्हणतात. इंटरनेटवर सर्वांना सारखी वाट हवी, अशी दहा लाखांवर पत्रे एप्रिल २०१५ मध्ये ट्रायकडे गेली. ही पत्रे कागदी नव्हती, इंटरनेटवरूनच धाडलेली होती.

डिसेंबरात ट्रायने वेगवेगळ्या दरांविषयी लोकांचे मत विचारले. तेव्हा फेसबुकनेही लोकांकडून पत्रे पाठवली. मजकूर तयारच होता. बटण दाबले, की पत्र गेले! पण ट्रायने जे प्रश्न विचारले होते, त्यांची उत्तरे त्या मजकुरात नव्हती.

"आमच्या मामंजींनी न वाचता कागदावर अंगठा दिला होता, तसंच की वो हे," वहिनी म्हणाल्या.

८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने निकाल दिला. इंटरनेटवर एका ठिकाणाला एक दर आणि दुसऱ्याला वेगळा दर, असे करता येणार नाही. नियम मोडला तर दिवसाला ५० हजार रुपये दंड, जास्तीत जास्त ५० लाख. संकटकाळापुरती तेवढी सूट ठेवली. त्याच आठवड्यात फेसबुकने भारतातली योजना बंद केली.

"म्हंजे तो शेतकरी फुकटाला मुकलाच," आबा म्हणाले.

"मुकला, ते खरं आहे," गुरुजी म्हणाले. "सप्टेंबरात जिओ आलं. तेही पहिले काही महिने फुकटच होतं. पण ती गाडी सगळ्या दारांत थांबत होती."