सुपारी, पगार आणि मँचेस्टरचा ऑर्केस्ट्रा

प्रश्न : आमच्या इचलकरंजीला ‘महाराष्ट्राचे मँचेस्टर’ म्हणतात. खऱ्या मँचेस्टरमध्ये १८५८पासून चालत आलेला ‘हॅले’ नावाचा ऑर्केस्ट्रा आहे म्हणे. आमच्याकडे ऑर्केस्ट्रा म्हणजे गणपतीतली एका रात्रीची सुपारी. गिरण्यांच्या गावाने एवढे वादक इतकी वर्षे पोसले तरी कसे? आणि कशासाठी?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : गंमत म्हणजे ‘हॅले’चा जन्मही सुपारीतूनच झाला. चार्ल्स हॅले हा जर्मन पियानोवादक. पॅरिसमध्ये त्याचा चांगला जम बसला होता, पण १८४८च्या क्रांतीत शिकवण्याही गेल्या आणि मैफलीही. तो इंग्लंडला आला. मँचेस्टरच्या कापडधंद्यात जर्मन मंडळी बरीच होती, त्यांनी त्याला बोलावून घेतले. १८५७मध्ये तिथे कलावस्तूंचे प्रचंड प्रदर्शन भरले आणि त्यासाठी त्याने मोठा वाद्यवृंद उभा केला. मे ते ऑक्टोबर एकत्र वाजवून वादकांचा सूर जुळला, तोवर प्रदर्शन संपले. आता सगळे पांगणार, हे हॅलेच्या जिवावर आले. त्याने स्वतःच्या जोखमीवर मैफली सुरू केल्या. पहिली झाली ३० जानेवारी १८५८ रोजी, फ्री ट्रेड हॉलमध्ये. त्या हंगामातल्या ३० मैफलींचा निव्वळ नफा ३० पेन्स झाल्याचे सांगतात. मैफलीमागे एक पेनी!

यातच तुमच्या ‘कसे’चे मर्म आहे. मागावर बसणाऱ्याला हे चटकन पटेल. हातमागाचा यंत्रमाग झाला, एक कामगार अनेक माग सांभाळू लागला, माणशी कापड वाढले. बेथोव्हेनची सिंफनी वाजवायला मात्र १८५८मध्ये जेवढी माणसे आणि जेवढी मिनिटे लागत, जवळपास तेवढीच आजही लागतात. पगार काळाबरोबर वाढतात, सभागृहातल्या खुर्च्या तेवढ्याच राहतात. म्हणून निव्वळ तिकिटांवर असा ऑर्केस्ट्रा चालत नाही. तूट कोणीतरी सोसावीच लागते.

हॅले होता तोवर जोखीम त्याच्या शिरावर होती. १८९५मध्ये तो गेल्यावर गावातली धनिक मंडळी पुढे आली आणि तूट भरून देण्याची हमी घेणारी संस्था उभी राहिली. आज सरकारी कला-अनुदान, देणगीदार आणि तिकिटे मिळून गाडा ओढतात.

आता ‘कशासाठी?’ १९०८मध्ये एल्गारची पहिली सिंफनी जगाने प्रथम ऐकली ती लंडनमध्ये नव्हे, मँचेस्टरमध्ये, हान्स रिश्टरच्या हाताखालच्या याच वादकांकडून. हा अभिमान गावाला पुरला. डिसेंबर १९४०च्या बॉम्बवर्षावात फ्री ट्रेड हॉल जळाला. १९४३मध्ये जॉन बार्बिरोली न्यूयॉर्कहून संचालक म्हणून आला, तेव्हा वादक निम्म्याहून कमी उरले होते. त्याने महिन्याभरात माणसे जमवली: एक शाळकरी बासरीवाला, हॉर्न वाजवणारी एक शिक्षिका, आसपासच्या बँडपथकांतले पितळी वाद्यांचे वादक. हॉल पुन्हा उभा राहीपर्यंत, म्हणजे १९५१पर्यंत, मैफली सर्कशीच्या रिंगणातसुद्धा झाल्या. आणि लोक तिथेही गेले.

याच बार्बिरोलीच्या हाताखाली १९५५मध्ये आपल्या मुंबईचे मेहली मेहता व्हायोलिन वाजवायला गेले. झुबीन मेहतांचे हे वडील. १९३५मध्ये त्यांनी बॉम्बे सिंफनी ऑर्केस्ट्रा उभा केला होता.

पैसे गावाचे, तेव्हा परतफेडही गावालाच. आज हॅलेचे गायकवृंद आहेत, लहान मुलांचा निराळा आहे, तरुणांचा वाद्यवृंद आहे. अँकोट्स या जुन्या गिरणीवस्तीतले एक बंद पडलेले चर्च त्यांनी तालमीची जागा केले आहे.

राहता राहिली इचलकरंजी. तुमचे गाव याबाबतीत मागे होते असे समजू नका. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजवणारे बाळकृष्णबुवा तुमच्याच संस्थानाच्या आश्रयाला होते, म्हणून तर ते ‘इचलकरंजीकर’. फरक एवढाच, की मँचेस्टरला संस्थानिक नव्हता. तिथे ती गादी गावकऱ्यांनी वर्गणी काढून चालवली.