चंद्राची ओढ पृथ्वीच्या पोटात कुठपर्यंत पोहोचते?



भरती-ओहोटीचा पाठ शिकवताना आपण बहुतेक वेळा एकाच वाक्यावर थांबतो : 'चंद्र समुद्राचं पाणी ओढतो.' पनवेलच्या मुलांना ते लगेच पटतं, कारण खाडीचं पाणी चढता-उतरताना त्यांनी पाहिलेलं असतं. पण हे वाक्य अर्धवट आहे. चंद्र खडकालाही ओढतो, आणि २,९०० किलोमीटर खोल असलेल्या वितळलेल्या लोखंडालाही. आजचा पाठ त्या लोखंडाचा.

भरती म्हणजे ओढीतला फरक

पृथ्वीची चंद्राकडची बाजू जवळ, पलीकडची लांब. त्यामुळे दोन्हीकडची ओढ सारखी नसते. या फरकामुळे पृथ्वी चंद्राच्या दिशेने किंचित लांबट होते आणि आडव्या बाजूंनी किंचित दबते. म्हणून फुगवटे दोन, आणि भरतीही साधारण १२ तास २५ मिनिटांनी पुन्हा येते. घट्ट जमीनसुद्धा यातून सुटत नाही. ती जवळजवळ फूटभर वर-खाली होते. आपल्याला कळत नाही, कारण घर, रस्ता, डोंगर सगळंच एकदम हलतं.

पोटातला द्रव

भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षण विभागात काम केलेल्या रिचर्ड ओल्डहॅम यांनी १८९७ च्या आसाम भूकंपाचा अभ्यास केला होता. भूकंपलहरींवरून पृथ्वीला वेगळा गाभा आहे, हे त्यांनी १९०६ मध्ये दाखवलं. त्याच्या आत आणखी एक गाभा आहे, हे १९३६ मध्ये इंगे लेहमान यांनी ओळखलं. बाहेरचा गाभा द्रव, आतला घन. दोन्हींत मुख्यतः लोखंड आणि निकेल.

इथे मुलांचा एक गैरसमज दूर करायलाच हवा. पृथ्वीच्या पोटात पट्टीचुंबक नाही! लोखंड ७७० अंश सेल्सिअसच्या वर कायमचुंबक राहत नाही, आणि गाभा त्याहून कितीतरी तापलेला आहे. गाभा थंड होताना द्रव लोखंड वर-खाली फिरतं, पृथ्वीच्या परिवलनामुळे त्या प्रवाहांना पीळ पडतो, आणि वीज वाहून नेणाऱ्या या हालचालीतून चुंबकीय क्षेत्र टिकून राहतं. वेग किती? वर्षाला दहा-वीस किलोमीटर, म्हणजे गोगलगायीच्या चालीपेक्षाही कमी.

लहान धक्का, मोठी हालचाल

भरतीबल पृथ्वीच्या मध्याकडे कमी होत जातं; गाभ्याच्या सीमेवर ते पृष्ठभागाच्या साधारण निम्मं उरतं. तरी ती सीमाही किंचित लंबगोल होते. आता बघा : फुगवट्याचं तोंड चंद्राकडे, आणि आतला द्रव पृथ्वीबरोबर गिरक्या घेतोय. म्हणजे द्रवाचा प्रत्येक भाग दिवसातून सुमारे दोनदा दाबला जातो.

एवढ्याशा दाबाने काय होणार? झोपाळा आठवा. योग्य वेळी दिलेला हलका झोकाही झोपाळा उंच नेतो. फिरणाऱ्या द्रवाला स्वतःच्या लहरी असतात. भरतीची लय त्यांच्याशी जुळली, की लहरी वाढत जातात आणि प्रवाह खळबळू शकतो. प्रयोगशाळेत मऊ, फिरता, पाण्याने भरलेला गोल बाजूंनी दाबून शास्त्रज्ञांनी हे पाहिलं आहे.

आज गाभ्याला हलवणारं मुख्य इंजिन उष्णताच मानतात. चंद्राचा वाटा किती, यावर एकमत नाही. काही फ्रेंच शास्त्रज्ञांनी २०१६ मध्ये मांडलं, की चुंबकीय क्षेत्र अब्जावधी वर्षं टिकवायला चंद्राची मदत झाली असावी. चंद्र दरवर्षी सुमारे ३.८ सेंटीमीटर दूर जातो आहे, म्हणजे पूर्वी तो जवळ होता. अंतर निम्मं झालं तर भरतीबल आठपट होतं. हे गणित फळ्यावर जरूर करून घ्या.

हे सगळं आपल्या शेजारी

गाभ्यात उतरता येत नाही, म्हणून वरून चुंबकीय क्षेत्र मोजत राहायचं. हे काम करणाऱ्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेचं मुख्यालय आपल्या नवीन पनवेलमध्ये आहे. मुंबईत कुलाब्याला १८४१ पासून नोंदी होत होत्या. विजेच्या ट्राम येणार, त्यांच्या प्रवाहाने नोंदी बिघडणार, म्हणून १९०४ मध्ये अलिबागला वेधशाळा उभारली. नानाभॉय मूस यांनी १९०६ पर्यंत दोन्हीकडे एकाच वेळी नोंदी घेतल्या, म्हणून जुनी-नवी साखळी तुटली नाही. सुईची रोजची बारीक हालचाल मुख्यतः वरच्या वातावरणातल्या प्रवाहांमुळे होते. वर्षानुवर्षांचा संथ बदल मात्र गाभ्याची खबर देतो. शंभर वर्षं न कंटाळता वही भरण्याचं मोल मुलांना यातून सांगता येतं.

वर्गात आणि घरी

१. गोल, मऊ प्लास्टिकच्या टबात पाणी घ्या, त्यावर चिमूटभर हळद टाका. पळीने पाणी गोल फिरवा. मग टब दोन्ही बाजूंनी हलकेच दाबा आणि गिरकीचं काय होतं ते मुलांना वहीत काढू द्या. (हे फक्त कल्पना समजण्यापुरतं, गाभा यापेक्षा फार गुंतागुंतीचा आहे.)

२. चंद्र नसता तर खाडीला भरती आली असती का? (हो, सूर्यामुळे, पण बरीच लहान.)

३. चुंबकीय क्षेत्र नसतं तर सूर्याकडून येणाऱ्या विद्युतभारित कणांपासून आपलं वातावरण कोणी सांभाळलं असतं?

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर लगेच सांगू नका. मुलांना थोडं भांडू द्या. पाठ तिथेच रुजतो.