रेकॉर्डिंगमधल्या ‘टक्’चा माग

मे महिन्यात शेजारच्या काकूंची भजनं जबलपूरच्या राइट टाउनमधल्या आमच्या घरी रेकॉर्ड केली. काकूंचा सूर अजून पक्का आहे, पण दम पूर्वीसारखा पुरत नाही. रात्री हेडफोन लावून ऐकलं, तर मधूनमधून ‘टक्’, कुठे ‘चिर्रर्र’. त्यांना पुन्हा गायला बसवणं जिवावर आलं. त्या आवाजाचा माग काढताना जे हाती लागलं, ते घरी रेकॉर्डिंग करणाऱ्यांनी आधीच जाणून घ्यावं.

सगळ्यात आधी एकच प्रश्न सोडवा: टक् फाइलमध्ये आहे की फक्त वाजवताना येतो? तोच तुकडा पुन्हापुन्हा ऐका. दर वेळी टक् वेगळ्या जागी आला, तर गाणं बहुधा शाबूत आहे, कॉम्प्युटर वाजवताना कमी पडतोय. डब्ल्यूएव्ही फाइल काढून फोनवर ऐकलीत की खात्री पटेल. टक् नेमका त्याच जागी असेल, तर तो फाइलमध्येच आहे. दोन टेकच्या सांध्यावर असल्यास काही मिलिसेकंदांचा क्रॉसफेड द्या. बाकी ठिकाणी वेव्हफॉर्म मोठा करून पाहा. माथे सपाट कापलेले दिसले तर लेव्हल जास्त होती. रेघ मध्येच तुटून पुढे गेली असेल, तर रेकॉर्डिंग होतानाच कॉम्प्युटरने आवाज गाळला. काकूंच्या भजनांत हेच झालं होतं.

असं का होतं? 44,100 सॅम्पल रेटवर कॉम्प्युटरला दर सेकंदाला तेवढे नमुने अखंड पोचवायचे असतात. बफर म्हणजे त्यासाठीची छोटी टाकी: ती वेळेत भरली, तर धार तुटत नाही. 128 नमुन्यांचा बफर जेमतेम 2.9 मिलिसेकंद पुरतो, 512 चा 11.6. तेवढ्यात दुसऱ्या एखाद्या ड्रायव्हरने प्रोसेसर अडवून धरला की टक् झालाच. विंडोजवर लेटन्सीमॉन हे सॉफ्टवेअर कोणता ड्रायव्हर अडवतो ते दाखवतं. आमच्याकडे तो वायफायचा निघाला. वायफाय बंद करताच बहुतेक टक् थांबले.

उरलेले उन्हाळ्याचे होते. जबलपुरात मे महिन्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो. लॅपटॉप तापला की प्रोसेसर स्वतःचा वेग उतरवतो. लॅपटॉप गादीवर ठेवू नका, खालून हवा खेळू द्या. वीज वाचवण्यासाठीही वेग उतरू नये म्हणून पॉवर प्लॅन ‘हाय परफॉर्मन्स’वर ठेवा.

माइक कॉम्प्युटरला जोडणारा ऑडिओ इंटरफेस हबमधून न जोडता थेट यूएसबी पोर्टला लावा आणि त्याच्या कंपनीचाच एएसआयओ ड्रायव्हर वापरा. सॉफ्टवेअर आणि इंटरफेस दोन्हीकडे सॅम्पल रेट एकच हवा. गाणाऱ्याला स्वतःचा आवाज इंटरफेसच्या डायरेक्ट मॉनिटरमधून ऐकवा. मग बफर 512 किंवा 1024 ठेवला तरी त्याला आवाज उशिरा येत नाही. भजनासाठी छोट्या बफरचा हट्ट धरायचं कारणच उरत नाही.

फ्रिज सुरू होताना टक् येत असेल किंवा चार्जर लावल्यावर घूं वाढत असेल, तर दोष विजेचा आहे. इलेक्ट्रिशियनकडून अर्थिंग तपासून घ्या. अर्थिंगची पिन मात्र कधीही काढू नका. त्यात जिवाला धोका आहे.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि लगेच ऐका. पाच गोष्टी एकदम बदलल्या, तर खरं कारण कळत नाही आणि पुढच्या वेळी तोच त्रास पुन्हा समोर येतो.

टक् पुसणाऱ्या ‘डी-क्लिक’ इफेक्टने काकूंच्या भजनांतले छोटे टक् निघाले. जिथे अक्षरच गळालं होतं, तिथे इलाज नव्हता. म्हणून गाणारा यायच्या आदल्या दिवशी, त्याच खोलीत, त्याच वेळी, तीच सेटिंग ठेवून एका पूर्ण गाण्याएवढी चाचणी घ्या आणि ती शेवटपर्यंत हेडफोनवर ऐका. घराघरांत असे कितीतरी वयस्क गळे आहेत, ज्यांचं गाणं कुठेच नोंदलेलं नाही. त्यांना एकदाच गायला लागावं, एवढी तयारी आपल्या हातात आहे.