डोळ्यांची निगा : पाळण्यापासून वार्धक्यापर्यंत

अंधत्व हा दैवाचा कोप होय, अशी समजूत आपल्या समाजात दीर्घकाळ रूढ होती. वस्तुस्थिती मात्र निराळी आहे. बहुतांश अंधत्व वेळीच काळजी घेतल्यास टळू शकते अथवा उपचारांनी दूर होऊ शकते. याच जाणिवेतून १९७६ साली राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला. २०१५ ते २०१९ या काळातील राष्ट्रीय पाहणीत अंधत्वाचे प्रमाण ०.३६ टक्के आढळले. पन्नाशी गाठलेल्या वा ओलांडलेल्या अंध व्यक्तींपैकी सुमारे ६६ टक्के व्यक्तींच्या अंधत्वास मोतीबिंदू कारणीभूत होता. म्हणजेच त्यांची दृष्टी एका शस्त्रक्रियेने परत येण्याजोगी होती.

बाल्यावस्था

नवजात बालकाच्या डोळ्यांतून पू येऊ लागल्यास त्याला त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. ३४ आठवड्यांपूर्वी जन्मलेल्या किंवा दोन किलोपेक्षा कमी वजनाच्या बालकाच्या दृष्टिपटलाची तपासणी जन्मापासून ३० दिवसांच्या आत होणे अगत्याचे असते. बाहुलीत पांढरी झाक दिसणे हे जन्मजात मोतीबिंदूचे वा डोळ्याच्या कर्करोगाचे चिन्ह असू शकते. बोटाने काजळ घालण्याची प्रथा मायेपोटी आलेली असली, तरी तिच्यामुळे डोळ्यांत जंतू शिरतात.

'अ' जीवनसत्त्वाच्या अभावी प्रथम रातांधळेपणा येतो. मग डोळ्याचा पांढरा भाग कोरडा पडतो आणि अखेरीस बुबुळावर व्रण होऊन कायमचे अंधत्व येते. हे टाळण्यासाठी नवव्या महिन्यापासून पाचव्या वर्षापर्यंत या जीवनसत्त्वाच्या नऊ मात्रा दिल्या जातात. शेवग्याचा पाला, मेथी, गाजर, तांबडा भोपळा, पपई, आंबा, दूध आणि अंडी यांतूनही ते मिळते. परसातील शेवगा या दृष्टीने औषधाच्या बाटलीइतकाच मोलाचा आहे.

शालेय वय

फळ्यावरील अक्षर न दिसणारे मूल पुष्कळदा 'ढ' ठरविले जाते. पुस्तक डोळ्यांजवळ धरणे, डोळे बारीक करून पाहणे, वारंवार डोके दुखणे ही दृष्टिदोषाची लक्षणे होत. तिरळेपणा भाग्याचा मानून दुर्लक्षिला, तर तो डोळा पाहण्याचे कामच सोडून देतो. सात-आठ वर्षांच्या आत उपचार झाल्यास त्याची दृष्टी सुधारण्याचा संभव अधिक असतो. भ्रमणध्वनीच्या पडद्यावर खिळलेल्या मुलांनी रोज काही वेळ उघड्यावर खेळणे हितावह आहे.

घरातील चुन्याची पुडी मुलांच्या हाती लागू देऊ नये. डोळ्यांत चुना गेल्यास चुन्याचे कण काढून टाकून डोळा तत्काळ स्वच्छ पाण्याने निदान पंधरा ते वीस मिनिटे धुवावा आणि मगच रुग्णालय गाठावे.

कर्ते वय

शेतकऱ्याच्या डोळ्याला उसाच्या पात्याचा वा भाताच्या कुसळाचा ओरखडा क्षुल्लक वाटतो. परंतु त्यातून बुरशी शिरून बुबुळावर व्रण होतो व पुढे फूल पडते. अशा वेळी मध, एरंडेल वा दुकानातून आणलेले कोणतेही थेंब घालू नयेत. स्टेरॉइडयुक्त थेंबांनी हा व्रण झपाट्याने वाढतो. डोळे येण्याची साथ असताना हात वरचेवर धुणे आणि रुमाल व टॉवेल वेगळा ठेवणे एवढ्यानेही तिच्या प्रसारास आळा बसतो. स्वच्छता व औषधोपचार यांच्या बळावर खुपऱ्यांच्या रोगाचे सार्वजनिक आरोग्याची समस्या म्हणून भारतातून उच्चाटन झाल्याचे जागतिक आरोग्य संघटनेने २०२४ मध्ये मान्य केले.

चाळिशीनंतर

जवळचे वाचण्यासाठी लागणाऱ्या चष्म्याला मराठीने 'चाळिशी' हे नावच दिले आहे. या वयातली नेत्रतपासणी केवळ चष्म्याच्या क्रमांकापुरती असू नये. काचबिंदूत डोळ्यातील दाब बहुधा वाढतो, दृष्टिचेता झिजते आणि नजर कडेकडून गुपचूप आकसत जाते. गेलेली दृष्टी परत येत नाही, केवळ उरलेली राखता येते. म्हणून काचबिंदू झालेल्या व्यक्तीच्या भावंडांनी व मुलांनी अवश्य तपासणी करून घ्यावी. मधुमेही व्यक्तींनी नजर चांगली असली, तरी वर्षातून एकदा दृष्टिपटल तपासून घ्यावे.

उतारवय

मोतीबिंदू म्हणजे डोळ्यातील नैसर्गिक भिंगाला आलेला गढूळपणा. तो थेंबांनी वितळत नाही. शस्त्रक्रिया हाच उपाय. तो 'पिकेपर्यंत' थांबण्याचा सल्ला आता कालबाह्य झाला आहे. कृत्रिम भिंग बसविण्याची पहिली शस्त्रक्रिया १९४९ साली लंडनमध्ये हॅरॉल्ड रिडले यांनी केली. आज ती सर्रास होते व शासकीय रुग्णालयांतही उपलब्ध आहे. नजर अंधूक होऊन नित्याची कामे अडू लागली, की शस्त्रक्रियेचा विचार करावा. फार पिकलेला मोतीबिंदू डोळ्यातील दाब वाढवून दृष्टी कायमची घालवू शकतो. घरातील वृद्ध अडखळू लागले, तर 'वयच झाले' म्हणून सोडून देऊ नये.

मरणोत्तर

बुबुळावर फूल पडून आलेल्या अंधत्वावर नेत्रदानाचा आधार आहे. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत नेत्र काढले जावे लागतात. तोवर पापण्या मिटून त्यांवर ओला कापूस ठेवावा, पंखा बंद करावा आणि डोके किंचित उंच ठेवावे. चष्मा असलेल्या अथवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेल्या व्यक्तीही नेत्रदान करू शकतात. एका व्यक्तीचे दोन डोळे दोन अंधांच्या जीवनात प्रकाश आणू शकतात.

पाळण्यातील बालकापासून घरातील वृद्धापर्यंत प्रत्येकाच्या दृष्टीचे रक्षण बव्हंशी कुटुंबाच्या सावधपणावर अवलंबून असते. उपचार आज उपलब्ध आहेत. गरज आहे ती रुग्णाला वेळेवर डॉक्टरांपर्यंत नेण्याची.