पावसाचे आकडे आणि आडाखे

मृग लागला की हैदराबादेत दम्यावरच्या माशाच्या औषधासाठी नामपल्लीच्या प्रदर्शन मैदानावर रांगा लागतात आणि यंदा पाऊस कसा, ही चर्चा सुरू होते. नक्षत्राचे वाहन, कावळ्याचे घरटे असे आडाखे आपल्याकडे पुष्कळ आहेत. शास्त्रज्ञांचे आडाखेही मुळात त्याच जातीचे, असे मी म्हटले तर विज्ञान शाखेच्या मित्रांनी रागावू नये. फरक आहे तो पारखण्यात.

आम्हां वाणिज्य शाखेच्या विद्यार्थ्यांना कालश्रेणी शिकवतात. वर्षावर्षांचे आकडे ओळीने मांडायचे, चलसरासरीने कल काढायचा आणि तोच पुढे ओढायचा. पाऊस असा सरळ ओढला जात नाही. म्हणून १९०४ साली भारतीय वेधशाळांचे प्रमुख झालेल्या गिल्बर्ट वॉकर यांनी दूरदूरच्या ठिकाणचा वायुभार आणि आपला मोसमी पाऊस यांचा सहसंबंध शोधला. त्यातला धोकाही त्यांनीच ओळखला होता. समजा, पाऊस सरासरीहून जास्त की कमी, एवढेच सांगायचे आहे. नाणे उडवून सांगितले तरी दहाही वर्षे बरोबर येण्याची शक्यता १,०२४ त एक. म्हणजे हजारभर निरर्थक नियम तपासले, तर एखादा दहापैकी दहा गुण मिळवून जाईल! आपण त्यालाच शोध म्हणू.

१९८८ साली डॉ. वसंत गोवारीकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी सोळा घटकांचे प्रारूप मांडले. २००१ पर्यंत देशव्यापी दुष्काळ पडला नाही व प्रारूपाचे नाव झाले. परंतु त्या काळात ‘दरवर्षी पाऊस ठीकच होईल’ एवढेच म्हणणारा मनुष्यही बहुधा खरा ठरला असता! २००२ साली अंदाज सरासरीच्या १०१ टक्के होता. पडला ८१ टक्के, आणि ऐन जुलै कोरडा गेला. पुढच्याच वर्षी हवामान खात्याने ते प्रारूप बदलले. पेरून बसलेल्या शेतकऱ्याचे बियाणे मात्र तोवर मातीत गेले होते.

माझ्या मते गोवारीकरांचा प्रयत्न हलका ठरत नाही. आधीच्या वर्षांवर बेतलेला नियम त्याच वर्षांशी जुळला, याला आपण फार किंमत देतो, एवढेच. विक्रीच्या उदाहरणांतही तेच घडते. वीस वर्षांचे आकडे दिले असतील, तर शेवटची पाच वर्षे कागदाने झाकावीत, पंधरांवरून नियम बसवावा आणि मग कागद उचलावा. शेजारी ‘गेल्या वर्षीइतकीच विक्री’ हा बिनकष्टाचा अंदाजही लिहावा. पुष्कळदा तोच जवळचा निघतो.